वाफा किती उंच घेऊ, ताई?

गणपती गेले की गुलाबाची पत्रं सुरू होतात, दरवर्षीचं आहे. पाऊस सरत आलेला असतो, पानं काळ्या ठिपक्यांनी झडलेली असतात आणि लोक विचारतात छाटू का, कधी छाटू, खत काय देऊ. या वेळी त्या ढिगातून चार पत्रं मुद्दाम बाजूला काढली. कोणाला खाली बसता येत नाही, कोणाला वाकता येत नाही, एकाला तर उभंच राहता येत नाही, पण गुलाब मात्र सगळ्यांना हवाय. छाटणी-खताची नेहमीची उत्तरं पुढच्या अंकात देते, आज सगळी जागा यांना.

प्रश्न : ताई नमस्कार, मी नेरुळला सिडकोच्या रो हाउसमध्ये राहतो, वय ४१. सहा वर्षांपूर्वी अपघातात पाठीच्या कण्याला मार लागला, कमरेखाली ताकद नाही, व्हीलचेअर वापरतो, हात मात्र ठणठणीत आहेत. घरापुढे १४ बाय ९ फुटांची मोकळी जागा आहे, आधी तिथे जमिनीतच गुलाब होते आता सगळं गवत माजलंय. एका व्हिडिओत टेबलासारखा वाफा बघितला, खाली गुडघे जातात आणि वर झाडं, गवंडी म्हणतो ३० इंच उंच करून देतो. करू का? बजेट फार नाही. – एक वाचक, नेरुळ

उत्तर : दादा, गवंड्याला आजच फोन करा आणि थांब म्हणा. तो टेबलवाला वाफा पालक, मेथी, कोथिंबिरीला एक नंबर आहे, गुलाबाला नाही.

हातात टेप घ्या. खुर्चीत बसल्यावर मांड्या आत जायला जमिनीपासून साधारण २७ इंच मोकळे लागतात. त्यावर टेबलाचा तळ आला, धरा दोन इंच. त्यावर माती, आणि गुलाबाच्या झुडपाला ती १५-१६ इंच तरी पाहिजे, पालकासारखी सहा इंचात भागत नाही, एप्रिल-मे मध्ये मुळं भाजून निघतात. करा बेरीज. ४५ इंच! म्हणजे मातीच तुमच्या नाकासमोर आली आणि झाड अजून सुरू व्हायचंय. गवंडी ३० म्हणतोय याचा अर्थ एकतर तुमचे गुडघे आत जाणार नाहीत, नाहीतर गुलाबाला इंचभर माती मिळणार.

आणि मुळात भाजीचं काम मातीत असतं, गुलाबाचं काम फांदीवर असतं हो. एकदा लावलं की मातीला हात महिन्यातून एखाद-दोन वेळा, बाकी रोजचं जे काही आहे ते वर, वाळलेलं फूल काढ, ठिपक्याचं पान तोड, शेंड्यावर फुलकिडे आलेत का बघ. त्यामुळे नुसत्या वाफ्याची उंची मोजून उपयोग नाही, वाफा अधिक झाड अशी मोजायची.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आठेक वर्षांपूर्वी कळव्याला आईसाठी मी हौसेने ३० इंची वाफा बांधून घेतला, तिचे गुडघे गेलेले, वाकायला नको म्हणून. आणि त्यात लावला काय, तर ग्लॅडिएटर जातीचा गुलाब, जो सहज चार-पाच फूट जातो. डिसेंबरात एका सकाळी बघते तर आई स्टुलावर, एका हाताने खिडकीचा गज धरलाय, दुसऱ्या हातात कात्री, पदर काट्यात अडकलेला आणि मलाच म्हणते, अगं जरा सोडव. देवाला फूल हवं होतं. वाकायचं वाचवलं आणि वर चढायला लावलं! त्यात गवंड्याने पाणी जायची भोकंच ठेवली नव्हती (मीही बघितलं नाही, दोष निम्मा माझा), पुढच्या जुलैत वाफ्याचा हौद झाला आणि तीन झाडं कुजली.

तर आता तुमचं माप. खुर्ची भिंतीला समांतर लावा, ब्रेक लावा, नेहमीची गादी आणि नेहमीच्या चपला असू द्या, आणि घरातल्या कोणाच्या तरी हातात खडू द्या. भिंतीवर तीन रेघा मारायच्या, एक कोपराची, एक खांद्याची, एक डोळ्यांची. बऱ्याच जणांचं बसून कोपर २६ ते २८ इंचांवर आणि डोळे ४५ ते ४८ च्या आसपास येतात, पण तुमची खुर्ची तुमची आणि धड तुमचं, त्यामुळे माझे आकडे सोडा आणि रेघा धरा. फुलं डोळ्यांच्या रेघेपर्यंत यावीत, त्याच्या वर नकोत. फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणाऱ्या जातीचं झुडूप नीट छाटत राहिलं तर अडीच फुटांत ठेवता येतं. ४८ मधून ३० गेले, राहिले १८. तुमचा वाफा १८ इंच.

१८ इंचाला गुडघे आत घालायचा प्रश्नच नाही, खुर्ची वाफ्याला आडवी लावायची आणि कुशीकडे वळून काम करायचं. याचा त्रास असा की सारखं एकाच बाजूला वळून पाठ आणि खांदा भरून येतो, म्हणून दोन्हीकडून खुर्ची लावता आली पाहिजे, आज डावी बाजू उद्या उजवी. खुर्ची पूर्ण फिरवायला ५ फुटांचा गोल मोकळा लागतो. तुमच्या ९ फुटांतून वाफ्याचे दोन आणि मागचे काही इंच गेले तरी साडेसहा उरतात, म्हणजे छान बसतंय. स्कूटर मात्र तिथे कोणाला लावू देऊ नका.

रुंदी बाहेरून बाहेर २४ इंच पुरे. समोर हात दोन फूट जातो हे खरं, पण बाजूला वळून आणि तेही काट्यांमधून तेवढा जात नाही, दीड फूट धरा. चार इंची ब्लॉक दोन्हीकडून आले की आत १६ इंच माती, एकच ओळ. लांबी ८ फूट, झाडं दोन-दोन फुटांवर, म्हणजे चार झाडं. चारच? हो चारच. आपल्याकडची हवा दमट, आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सात-एक तास ओलं राहिलं की रुजायला पुरतं, मग झाडांमधून वारा गेलाच पाहिजे. दाटीवाटीने सात लावाल आणि ऑगस्टमध्ये सात खराटे बघत बसाल.

वाफा कंपाउंडच्या भिंतीला चिकटवू नका, मागची भिंत वेगळी घ्या आणि मध्ये पाच-सहा इंचांची फट सोडा. पाणी जायची भोकं त्या फटीकडे काढा, दर दोन फुटांवर एक इंची पाइपचा तुकडा, बाहेरच्या बाजूला उतार, आतल्या तोंडाला शेडनेटचा तुकडा. समोरच्या बाजूला भोकं काढलीत तर ते पाणी तुमच्या चाकांच्या वाटेवर येणार आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ. वाटेला शहाबादी नको, गुळगुळीत टाइल तर नकोच, साधा कोबा करा आणि ओला असताना त्यावर खराट्याने आडव्या रेघा मारून घ्या, चाक पकडून चालतं. दारात पायरी असेल तर इंचाला फूट हा हिशोब, म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फुटांचा रॅम्प. गवंडी नेहमी म्हणतात तीन फुटांत बसवतो. बसवतात, आणि मग मागून कोणीतरी ढकलणारा लागतो.

नेरुळ-बेलापूरचा खाडीकडचा पट्टा बराचसा भरावाचा, दोन फूट खणलं की डेब्रिज आणि त्याखाली खारट ओल. गुलाबाला खार चालत नाही. तुमचे आधीचे जमिनीतले गुलाब कधी पानांच्या कडा करपून गेले असतील तर कारण हे असू शकतं. उंच वाफ्यात माती आपली आणि निचराही आपला. खाली दोन-तीन इंच विटांचा रोडा किंवा जाड खडी, वर जुनी शेडनेट, मग माती. बजेट कमी म्हणालात तर सांगते, आत माती जेमतेम १२-१३ घनफूट लागेल, म्हणजे एक ब्रासचा (१०० घनफुटांचा) आठवा हिस्सा, पूर्ण ब्रास घेऊ नका, उरलेल्या ढिगाचं काय करणार. माझं मिश्रण असं, लाल माती चार घमेली, चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत तीन, भिजवलेलं कोकोपीट दोन, जाड रेती एक, आणि सगळं मिळून दोनेक किलो नीमपेंड. काठोकाठ भरा, पहिल्या वर्षात दोन-तीन इंच बसतंच. आणि हो, नव्या सिमेंटचा चुना मातीत उतरतो आणि गुलाबाला किंचित आंबट माती आवडते, तेव्हा क्युरिंग झाल्यावर दोन-तीन वेळा वाफा पाण्याने भरून सोडून द्या आणि मग माती घाला.

दोन गोष्टी तुमच्यासाठी खास. एक, पुढच्या कडेला सहा इंची गुळगुळीत कोपिंग, म्हणजे भिंतीवरची सपाट कड, करा, त्यावर हात टेकवता येतो, आणि धरायला एक पाइप बसवा, कारण धडाचा तोल कमी असला की एक हात आधाराला जातो. स्टीलचा पाइप एप्रिलमध्ये चटका देतो, त्याला सायकलच्या ग्रिपसारखं काहीतरी गुंडाळा. दोन, पायाला संवेदना नसेल तर काटा ओरखडला किंवा तापलेला कोपिंग लागला तरी कळणार नाही, बागेतून आलात की पाय रोज नीट बघायचे, आणि काम करताना जाड पँट. मार वरच्या मणक्यांना असेल तर घामही नीट येत नाही, ऊन चढायच्या आत घरात या.

आता बांधायला घ्या, दिवाळीपर्यंत माती बसेल, मग कलमं लावा. डोळा भरलेली जागा, म्हणजे कलमाचा जोड, मातीच्या इंचभर वर राहिली पाहिजे, आणि त्याच्या खालून सात पानांची जोरदार फूट आली की खूश होऊ नका, ती खालच्या जंगली खुंटाची असते, मुळापासून ओढून काढा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, आता काठीने घरात फिरतात पण डावा हात काम करत नाही. आम्ही घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पूर्वेची, चार फूट खोल. त्यांना गुलाबाचं फार वेड, बंगल्यात होत्या तेव्हा तीस झाडं होती. डॉक्टर म्हणतात काहीतरी करू दे त्यांना. कठड्याला लागून उंच स्टँड केला तर उभ्याने करता येईल ना? – सूनबाई, ठाणे

उत्तर : उभ्याने नको. तुम्ही स्वतः एकदा करून बघा, डावा हात खिशात घाला, काठी उजव्या हातात धरा आणि आता फूल कापा. कशाने कापणार? एकच हात चालतो त्यांचा तो हात तोल सांभाळण्यात गेला की कामाला उरतोच कुठे. म्हणून एका हाताने काम करणाऱ्याने बसूनच करायचं, हात असलेली भक्कम खुर्ची, भिंतीला टेकवलेली, आणि झाडं त्यांच्याजवळ आली पाहिजेत.

बाल्कनीत बांधकामाच्या भानगडीत पडू नका. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, १८ ते २० इंच उंच, मागून भिंतीला दोन ठिकाणी बोल्ट केलेला, कठड्याला नाही, आणि कुंड्या ग्रिलवर तर मुळीच नकोत, खाली माणसं चालतात. स्टँडला चाकं लावायचा मोह होईल, नका लावू, त्या धरायला गेल्या आणि स्टँड सरकला तर काय घ्या. वर तीन १२ इंची कुंड्या, ओली माती धरून एकेक साधारण २० किलोची होते, कोकोपीट जास्त घातलं तर थोडी हलकी. त्यात बटण गुलाब लावा. सकाळचं चार-पाच तासांचं ऊन त्याला पुरतं, झाड दीड फुटाच्या वर फारसं जात नाही, त्यामुळे सगळं त्यांच्या छातीसमोर राहील. (उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांनी हे वाचून उड्या मारू नका, आपल्याकडे मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तेवढा दुपारचा सूर्य उत्तरेकडे सरकतो, नेमक्या गुलाबाच्या सीझनला, थंडीत, तो दक्षिणेला असतो.)

स्टँड उजव्या बाजूला ठेवायचा की डाव्या हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा. साधं उत्तर उजव्या, चालत्या हाताकडे, पण झटक्यानंतर काहींचं लुळ्या पडलेल्या बाजूकडे लक्षच जात नाही आणि मग मुद्दाम एखादी कुंडी तिकडे ठेवायला सांगतात.

कात्री कापलेली काडी धरून ठेवणारी मिळते, नर्सरीत किंवा ऑनलाइन, पकडून ठेवणारा सिकेटर म्हणून विचारा. एका हाताच्या माणसाला ती वरदान आहे, नाहीतर फूल कापलं की ते पडतं आणि ते उचलायला कोण वाकणार. दुसरी युक्ती फुकटची, कपड्यांचा चिमटा. जी फांदी कापायची ती बाजूच्या काठीला चिमट्याने अडकवायची, ती काठी म्हणजे दुसरा हात. माझ्या ओळखीच्या एक आजी ऐरोलीला असंच करतात, पदराला चार चिमटे लावूनच बाल्कनीत जातात, नातवंडं हसतात त्यांना.

पाण्याची बादली आणि झारी विसरा. छोटा पाइप, टोकाला लांब नळीचा शॉवर, आणि नळाची चावी चाकासारखी फिरवायची नको, दांड्याची, क्वार्टर टर्नची, ती मनगटानेही ढकलता येते. पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही.

आणि सूनबाई, मागून सारखं 'द्या मी करते' म्हणू नका. एक फूल कापायला दहा मिनिटं लागली तर लागू देत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पोडियमवर सीनियर सिटिझन कट्टा आहे, रोज पंधरा-वीस जण जमतो. तिथे आम्हाला ४० फूट लांब, दीड फूट उंच गुलाबाचा वाफा करायचा आहे, वर्गणीही जमली. कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात स्लॅबला धोका आहे. नुसती माती तर आहे, धोका कसला? – कट्ट्याचे सभासद, ठाणे

उत्तर : सेक्रेटरी बरोबर बोलतायत, रागावू नका.

ओली माती एका घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते. दीड फूट मातीचे झाले चौरस फुटाला ७५ किलो, त्यात भिंतींचं वजन धरलेलंच नाही. वावर असलेल्या साध्या गच्चीला आपल्या इंडियन स्टँडर्डप्रमाणे चौरस मीटरला १५० किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. आता पोडियमचा स्लॅब पुष्कळदा बागेसाठी, गाड्यांसाठी जास्त जाड केलेला असतो, पण तुमचा कसा आहे ते ड्रॉइंग बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगेल. त्याच्या फीला वर्गणीतले थोडे पैसे जाऊ द्या. तो कदाचित म्हणेल कॉलमच्या डोक्यावर आणि बीमच्या रेषेत करा, मधे नको. मग ४० फुटांचा सलग वाफा न होता पाच-सहा तुकडे होतील, ते तुमच्या फायद्याचंच, कारण मधल्या फटींतून वॉकरवाले पलीकडे जाऊ शकतील, नाहीतर ४० फुटांना वळसा कोण घालणार.

सगळे तुकडे एका उंचीचे करू नका. एक १८ इंची, ज्याची कड दहा-बारा इंच रुंद आणि गुळगुळीत, म्हणजे तोच बसायचा कट्टा. गुडघे बदललेल्यांना १८ इंच थोडा खाली पडतो, त्यांच्यासाठी एक २० चा. कंबर धरलेल्यांना उभ्याने करायला एक २८ इंची, त्यात मात्र फक्त बटण गुलाब, वर आईची गोष्ट सांगितलीच. आपल्या तुळशी वृंदावनाकडे बघा ना, चारी बाजूंनी फिरता येतं, कंबरेशी माती, वर हातभर झाड, कोणालाही वाकावं लागत नाही. कोणी इंजिनिअरने नव्हतं काढलं ते.

वॉटरप्रूफिंगला खिळा-बोल्ट लावायचा नाही, आणि स्लॅबवरच्या पाणी जायच्या जाळ्या वाफ्याखाली गाडायच्या नाहीत. वाट ५ फूट, दोन वॉकर समोरासमोर आले तर भांडण नको.

प्रश्न : मला ६८ वर्षं, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, शुगरही आहे. काटा लागला की थांबत नाही. बिनकाट्याचा गुलाब असतो का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पूर्ण बिनकाट्याचा एक प्रसिद्ध आहे, झेफिरीन द्रूआँ, १८६८ चा फ्रेंच, गुलाबी, वासाचा. पण त्याला काळ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर धरतो आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्याचे हाल होतात, मी तरी घेणार नाही. त्यापेक्षा आइसबर्ग घ्या, जर्मनीच्या कॉर्डेस यांचा १९५८ चा, पांढराशुभ्र, घोसाने येतो, काटे अगदी थोडे, आणि वर्षभर काही ना काही फूल असतं. थोडा उंच जातो, छाटून अडीच-तीन फुटांत ठेवा. देशी गुलाब वासाला काय सांगू, पण काट्यांचा कारखाना, तो तुम्ही शेजाऱ्यांच्या कुंडीतच बघा.

हातमोजे कापडाचे नकोत, चामड्याचे कोपरापर्यंतचे. टिटॅनसचं इंजेक्शन कधी झालंय ते बघून ठेवा. आणि काटा लागलेल्या जागी आठ-पंधरा दिवसांनी न दुखणारी गाठ आली आणि तिथून हातावर वर ओळीने गाठी सरकायला लागल्या तर डॉक्टरांना गुलाबाचा काटा लागल्याचं आठवणीने सांगा, मातीतल्या एका बुरशीने असं होतं, स्पोरोट्रायकोसिस म्हणतात, औषध आहे त्यावर.

नर्सरीत आइसबर्ग म्हणून काहीही पांढरं देतात. काटे खाली वाकलेले असतात, त्यामुळे फांदीवरून वरून खाली हात फिरवला तर सगळेच गुलाब बिनकाट्याचे वाटतात. मोजा घालून खालून वर फिरवा, अडकलं की कळेल.